रस्ता गेला, शर्यत राहिली : वॉटकिन्स ग्लेनचे प्रकरण

हौशी चालकांच्या क्लबला शर्यत भरवायची असेल तर गाड्या जमतात, चालक जमतात, झेंडे घेऊन वळणावर दिवसभर उभे राहणारे स्वयंसेवकही जमतात. घोडे अडते ते जागेपाशी. डावी-उजवी वळणे आणि चढउतार असलेला मार्ग लागतो, तो काही दिवस पूर्णपणे आपल्या ताब्यात लागतो, आणि काही वाईट घडले तर जबाबदारी कोणाची हे आधी ठरलेले असावे लागते. अमेरिकेत हा प्रश्न सगळ्यात उघडपणे पुढे आला तो १९५२ च्या सप्टेंबरात, न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन या लहानशा गावात. पाच वर्षे गावच्या रस्त्यांवर रंगलेली शर्यत एका दिवसात संपली. चार वर्षांनी तीच शर्यत गावाजवळच्या माळावर, स्वतःच्या जमिनीवर बांधलेल्या ट्रॅकवर उभी राहिली. मधल्या चार वर्षांत कोणी काय केले, याचा हा अभ्यास. आजही एखाद्या प्रादेशिक क्लबला वर्षात शर्यतीच्या तारखा किती मिळतात हे ज्या गोष्टींवर ठरते, त्यातल्या जवळजवळ सगळ्या इथे सापडतात.

सुरुवात

अमेरिकेत मोटार शर्यत म्हणजे अंडाकृती ट्रॅक आणि पैशासाठी धावणारे व्यावसायिक चालक, असे चित्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ होते. युरोपासारख्या वळणावळणाच्या रस्त्यांवर हौसेखातर धावायचे म्हणून कॉलियर बंधूंनी १९३३ मध्ये ऑटोमोबाइल रेसिंग क्लब ऑफ अमेरिका काढला. महायुद्धाच्या छायेत १९४१ मध्ये तो मिटला. १९४४ मध्ये स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, स्थापन झाला. मात्र सुरुवातीला हा क्लब शर्यतींसाठी नव्हता. स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांनी एकत्र यावे, जुन्या चांगल्या गाड्या जपाव्यात, एवढाच त्याचा आवाका होता.

कॅमेरॉन आर्गेटसिंगर हा कॉर्नेल विद्यापीठातला कायद्याचा विद्यार्थी या क्लबचा सभासद होता. त्याच्याकडे एमजी टीसी ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार होती आणि ती पळवायला जागा नव्हती. सेनेका तलावाच्या टोकाला वसलेल्या वॉटकिन्स ग्लेनची त्याला चांगली ओळख होती. तिथली दरी आणि धबधबे पाहायला उन्हाळ्यात पर्यटक येत, आणि हंगाम सरला की गाव ओस पडे. त्याने गावातल्या व्यापाऱ्यांपुढे कल्पना मांडली की शरद ऋतूत शर्यत भरवली तर हंगाम आणखी थोडा लांबेल. गावाने ती उचलून धरली. या प्रकरणात पुढे जे जे टिकले, त्याचे मूळ या बैठकीत आहे असे माझे मत आहे. क्लबने गावाकडे केवळ परवानगी मागितली असती तर मिळाली असती किंवा नसती. आर्गेटसिंगरने गावाला स्वतःच्या फायद्याचे कारण दिले.

मार्ग ६.६ मैलांचा, म्हणजे साधारण साडेदहा किलोमीटरचा आखला गेला. फ्रँकलिन स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर, काउंटीच्या न्यायालयासमोर सुरुवात. तिथून रस्ता डोंगर चढून वर जाई. वर शेताडीतून जाणारे अरुंद रस्ते, एक दगडी पूल, काही भाग चक्क मातीचा, मध्ये रेल्वे फाटक, मग मोठ्या वळणाने उतार आणि एक काटकोनी वळण घेऊन पुन्हा फ्रँकलिन स्ट्रीट. २ ऑक्टोबर १९४८ रोजी पहिली शर्यत झाली तेव्हा न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेने शर्यत चालू असताना गाड्या थांबवून धरल्या. फ्रँक ग्रिसवोल्डने अल्फा रोमिओ ८सी २९०० घेऊन ती जिंकली. शेवटच्या काटकोनी वळणावर बिल मिलिकेन यांची बुगाटी उलटली. ते बचावले आणि वळणाला त्यांचे नाव पडले. हे मिलिकेन पेशाने अभियंते होते, आणि पुढे ते या गोष्टीत पुन्हा येतात.

किती हातांची परवानगी लागली असेल याचा विचार करा. राज्य, काउंटी, गाव, आजूबाजूची ग्रामीण प्रशासने, राज्य उद्यान आणि रेल्वे. यातल्या कोणीही एकाने नकार दिला असता तर शर्यत नाही. सहा जणांच्या होकारावर उभी राहिलेली शर्यत त्यांपैकी कोणाही एकाच्या नकाराने कोसळणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते.

२० सप्टेंबर १९५२

शर्यतीची कीर्ती झपाट्याने पसरली. १९५० पर्यंत गर्दीचे अंदाज लाखाच्या घरात पोचले होते. त्याच वर्षी सॅम कॉलियर फेरारी चालवताना डोंगरावरच्या भागात रस्त्याबाहेर गेला आणि त्याचा मृत्यू झाला. धक्का मोठा होता, कारण अमेरिकेत हौशी रोड रेसिंगचा पाया घालणाऱ्या भावांपैकीच तो एक. तरीही शर्यत थांबली नाही. चालकाने स्वतःहून पत्करलेला धोका समाज समजून घेतो. प्रेक्षकाच्या बाबतीत तसे होत नाही.

१९५२ मध्ये मुख्य शर्यत सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. फ्रँकलिन स्ट्रीटवर दोन्ही बाजूंना माणसे फुटपाथच्या कडेपर्यंत दाटलेली होती. काटकोनी वळण पार करून गाड्या मुख्य रस्त्यावर आल्या की सरळ पट्टा मिळे आणि चालक पूर्ण वेग घेत. अशा वेगात एका अ‍ॅलार्ड गाडीची मागची बाजू कडेला बसलेल्या लोकांना घासून गेली. सात वर्षांचा एक मुलगा जागीच गेला, बारा जण जखमी झाले. शर्यत तिथेच थांबवण्यात आली.

या अपघाताचे खापर चालकाच्या एका हालचालीवर फोडून मोकळे होता येते, पण त्याने काही समजत नाही. दोष मांडणीत होता. सगळ्यात जास्त वेगाचा पट्टा आणि सगळ्यात जास्त गर्दीची जागा एकच होती. गाडी आणि फुटपाथ यांच्यात अडथळा म्हणावा असे काही नव्हते. आणि तो उभारायचा तर खर्च कोण करणार? गावच्या मुख्य रस्त्याला गेट लावता येत नाही. दुकाने, घरे, न्यायालय सगळे तिथेच. तिकीट नाही म्हणजे उत्पन्न नाही, उत्पन्न नाही म्हणजे कुंपण नाही, आणि प्रेक्षकाला मागे हटवण्याचा अधिकारही धड कोणाकडे नाही, कारण तो सार्वजनिक फुटपाथवर उभा आहे. ज्या मोकळेपणामुळे लोकांना ही शर्यत आवडली, त्याच मोकळेपणाने त्या मुलाचा जीव घेतला. राज्याच्या महामार्गांवर पुन्हा शर्यत होण्याची शक्यता त्या दिवशी संपली, आणि ती संपायलाच हवी होती.

दोन वाटा

यानंतर क्लबपुढे आणि गावापुढे वेगवेगळ्या वाटा होत्या, आणि दोघे वेगवेगळ्या वाटेने गेले.

क्लबला मदत मिळाली ती अनपेक्षित ठिकाणाहून. अमेरिकी हवाई दलाच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडचे प्रमुख जनरल कर्टिस लमे यांना स्पोर्ट्स कारचे वेड होते. त्यांनी आपल्या अखत्यारीतले हवाई तळ शर्यतींसाठी उघडले. वॉटकिन्स ग्लेनच्या अपघाताला जेमतेम महिना-सव्वा महिना होतो न होतो तोच, ऑक्टोबर १९५२ मध्ये जॉर्जियातल्या टर्नर तळावर शर्यत झाली. पुढच्या दोन वर्षांत फ्लोरिडातला मॅकडिल, टेक्ससमधला बर्गस्ट्रॉम, नेब्रास्कातला ऑफट, कॅलिफोर्नियातला मार्च असे एकामागून एक तळ कार्यक्रमपत्रिकेत आले.

संयोजकाच्या नजरेने पाहिले तर याहून चांगली जागा मागूनही मिळाली नसती. भोवती आधीच कुंपण आणि पहारा. धावपट्ट्या प्रशस्त, गाडी निसटली तरी झाड, खांब किंवा माणूस मध्ये येत नाही. काम करायला जवानांचे हात. आत येणाऱ्याकडून तिकीट घेता येते आणि त्याला लांब उभे करता येते. उत्पन्न जवानांच्या सोयीसुविधांच्या निधीत जाई, त्यामुळे तळालाही गोडी होती. तक्रार असलीच तर चालकांची, की सपाट काँक्रीटवर पेंढ्याचे गठ्ठे आणि शंकू मांडून आखलेल्या वळणात दगडी पुलाची मजा नाही.

पण लष्करी जागा आणि लष्करी मनुष्यबळ खासगी क्लबच्या शर्यतींसाठी का वापरले जाते, असा प्रश्न अमेरिकी काँग्रेसमध्ये उपस्थित झाला आणि १९५४ बरोबर हा अध्याय मिटला. लमे यांनी रोड रेसिंग वाचवले, असे त्या काळाबद्दल लिहिणारे नेहमी म्हणतात. दोन वर्षे तग धरायला त्यांनी मदत केली हे खरेच, आणि त्या दोन वर्षांत प्रेक्षक कसे आवरायचे हे क्लबला शिकायला मिळाले. पण पदरात काय पडले असे विचाराल तर एक इंचही जमीन नाही. एका माणसाच्या आवडीवर मिळालेली जागा त्या माणसाची अडचण झाली की जाते. मला ही मदत तिच्या कीर्तीइतकी मोठी वाटत नाही.

वॉटकिन्स ग्लेनने दुसरी वाट धरली, आणि ती संथ होती. गावकऱ्यांनी शर्यतीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. प्रेक्षक, पार्किंग, खाण्यापिण्याचे ठेके सगळे त्याच्या हाती. गावाच्या नैर्ऋत्येला, डोंगरमाथ्यावरच्या ग्रामीण रस्त्यांवर ४.६ मैलांचा नवा मार्ग आखला गेला. हे रस्ते राज्याचे नव्हते, डिक्स या स्थानिक प्रशासनाचे होते. बाजूला वस्ती तुरळक. त्यामुळे प्रेक्षकांना ठरलेल्या जागी बसवता आले आणि तिकीट घेता आले. १९५३ ते १९५५ अशी तीन वर्षे शर्यत इथे झाली.

हा मधला टप्पा इतिहासात दोन ओळींत उरकला जातो, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो मार्ग ना गावातल्या रस्त्यांइतका देखणा होता, ना हवाई तळाइतका सुरक्षित. तरी त्याने दोन गोष्टी साधल्या. सप्टेंबरमधली तारीख एकही वर्ष चुकली नाही, त्यामुळे चालक आणि प्रेक्षक यांची सवय मोडली नाही. आणि महामंडळाला तिकीट, गर्दी आणि हिशेब सांभाळण्याचा अनुभव मिळाला. जमीन विकत घेण्याची भाषा ज्याला हिशेब येतो तोच करू शकतो.

१९५६ मध्ये त्याच माळावर सुमारे ५५० एकर जमीन घेऊन २.३ मैलांचा कायमस्वरूपी ट्रॅक बांधण्यात आला. त्याचा काही भाग आधीच्या मार्गावरूनच गेला होता. आखणीत कॉर्नेलच्या अभियंत्यांचा हात होता आणि त्यात बिल मिलिकेनही होते. आठ वर्षांपूर्वी ज्यांची गाडी उलटली, त्यांनीच गाडी निसटली तर काय होईल याचा विचार करून वळणे आखली. डांबरीकरण शर्यतीच्या अगदी तोंडावर उरकले, पण सप्टेंबरमध्ये शर्यत झाली.

इतरत्रही हेच घडत होते. विस्कॉन्सिनमधल्या एल्कहार्ट लेकच्या रस्त्यांवरची शर्यत १९५२ नंतर बंद झाली. क्लिफ टफ्ट या अभियंत्याने पुढाकार घेतला आणि १९५५ मध्ये तिथे पाचशेहून अधिक एकरांवर चार मैलांचा रोड अमेरिका ट्रॅक उभा राहिला. कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या झाडांमधून जाणारी शर्यत १९५६ मध्ये अर्नी मॅकाफी यांच्या मृत्यूनंतर थांबली. स्थानिक लोकांनी संस्था काढली, फोर्ट ऑर्ड या लष्करी छावणीची जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि १९५७ मध्ये लगुना सेका सुरू केले. जमीन लष्कराचीच, पण इथे कोणा जनरलची मर्जी नव्हती, करार होता. म्हणून ती टिकली आणि पुढे १९७४ मध्ये काउंटीकडे आली.

मालकी मिळाली, मग?

जमीन स्वतःची झाली की प्रश्न सुटला असे वाटते. प्रत्यक्षात नवा प्रश्न सुरू होतो. रस्ता फुकट होता, ट्रॅक फुकट नाही. कर्ज, दुरुस्ती, विमा, कर हे वर्षभर चालू राहतात आणि हौशी शर्यतींच्या उत्पन्नात ते भागत नाहीत. वॉटकिन्स ग्लेनने १९५७ मध्येच नॅसकारची, म्हणजे व्यावसायिक स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेची, शर्यत घेतली. एससीसीए तेव्हा हौशीपणाच्या तत्त्वाला घट्ट धरून होता. बक्षिसाचा पैसा नको हा त्यांचा आग्रह प्रामाणिक होता, पण ट्रॅकच्या मालकाला त्या आग्रहावर हप्ते फेडता येत नव्हते. १९६१ ते १९८० अशी वीस वर्षे इथे फॉर्म्युला वनची युनायटेड स्टेट्स ग्रां प्री झाली. ती गेल्यावर १९८१ मध्ये दिवाळखोरी आली. नव्या मालकांनी दुरुस्ती करून १९८४ मध्ये ट्रॅक पुन्हा उघडला.

यातून हौशी क्लबांचे स्थान बदलले. ज्यांच्यासाठी ही जागा निर्माण झाली ते आता भाडेकरू झाले. मोठ्या व्यावसायिक शर्यतींच्या तारखा आधी लागतात. मग गाडी उत्पादक आणि चालक-प्रशिक्षण देणाऱ्या संस्था येतात, आणि आपली गाडी ट्रॅकवर चालवून पाहण्यासाठी पैसे मोजणाऱ्यांचे ट्रॅक डे येतात. त्यांना स्पर्धेचा परवाना लागत नाही, पंच लागत नाहीत, आणि ट्रॅकच्या दृष्टीने ते बिनघोर गिऱ्हाईक असते. उरलेल्या शनिवार-रविवारांत प्रादेशिक क्लब आपली शर्यत बसवतात. मला यात अन्याय दिसत नाही, पण क्लबच्या सभासदांनी हे समजून घेतले पाहिजे. आपल्या भागात शर्यती कमी का, असे विचारताना ते क्लबच्या समितीला धारेवर धरतात, आणि तारखा मात्र समितीच्या हातात नसतात.

हिशेब कसा चालतो तेही पाहू. ट्रॅकचे भाडे ठरलेले असते, गाड्या चाळीस आल्या काय किंवा दीडशे आल्या काय. रुग्णवाहिका, विमा, टो-ट्रक यांचेही तसेच. हा सगळा बोजा प्रवेश शुल्कात वाटला जातो. गाड्या कमी आल्या तर शुल्क वाढते, शुल्क वाढले तर पुढच्या वेळी गाड्या आणखी कमी. शेजारच्या रीजनने, म्हणजे क्लबच्या प्रादेशिक शाखेने, त्याच आठवड्यात शर्यत ठेवली तर दोन्हीकडच्या गाड्या कमी होतात. म्हणून जाणते क्लब तारखा आपसात ठरवतात, दोन रीजन मिळून एक शर्यत घेतात, किंवा एका सत्रात अनेक वर्गांच्या गाड्या एकत्र सोडतात. वायव्य भागातल्या क्लबांनी १९५७ मध्ये इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑफ स्पोर्ट्स कार क्लब्स स्थापन केली ती याच जाणिवेने. सीमेच्या दोन्ही बाजूंचे, अमेरिकेतले आणि कॅनडातले, क्लब एकाच नियमांखाली आले की एकाच गाडीने आणि एकाच परवान्याने चालकाला जास्त शर्यती मिळतात.

पैशाइतकीच माणसांची टंचाईही तारखा खाते. प्रत्येक वळणावर झेंडे दाखवणारे आणि नियंत्रण कक्षाला रेडिओवरून कळवणारे लोक नसतील तर शर्यत सुरूच करता येत नाही. वेळ मोजणारे, गाड्या तपासणारे, पिटमध्ये (गाड्या दुरुस्तीला थांबतात तिथे) आणि ग्रिडवर (शर्यत सुटण्यापूर्वी गाड्या रांगेत लागतात तिथे) उभे राहणारे, नोंदणी करणारे, सगळे स्वयंसेवक. उन्हात, पावसात पहाटेपासून उभे राहणाऱ्या या माणसांची भरती हे कोणत्याही रीजनचे सगळ्यात अवघड काम आहे. नव्या चालकांनी वर्षातून एखाद-दोन वेळा तरी हेल्मेट बाजूला ठेवून झेंडा हातात घ्यावा असे मला मनापासून वाटते. नुसते चालक वाढून शर्यती वाढत नाहीत.

शेजारी

कनेटिकटमधला लाइम रॉक पार्क १९५७ मध्ये सुरू झाला. जमीन खासगी, मालक उत्साही, ट्रॅक सुंदर. पण रविवारच्या आवाजाविरुद्ध शेजारी न्यायालयात गेले आणि १९५९ मध्ये रविवारी शर्यत घेण्यास मनाई झाली. ती मनाई आजही पाळली जाते. म्हणजे तिथे भाडे घेणाऱ्या क्लबला दोन दिवसांची शर्यत शनिवार-रविवारी बसवताच येत नाही. सभासदाला नोकरीतून शुक्रवारची किंवा सोमवारची सुट्टी काढावी लागते, आणि तिथेच काहींचे नाव गळते. लाँग आयलंडवरचे ब्रिजहॅम्प्टन याहून वाईट निघाले. तिथेही गावातल्या रस्त्यांवरची शर्यत बंद झाल्यावर १९५७ मध्ये स्वतःचा ट्रॅक उभा राहिला होता. आजूबाजूला श्रीमंत वस्ती वाढली, आवाजावर निर्बंध आले, जमिनीचे मोल शर्यतीच्या उत्पन्नापलीकडे गेले. आज तिथे गोल्फ चालतो. कॅलिफोर्नियातले रिव्हरसाइड १९८९ मध्ये बंद झाले आणि त्या जागी मॉल आला.

वॉटकिन्स ग्लेनला हा फटका तितका बसला नाही. कारण शोधायचे तर पुन्हा १९४८ च्या त्या बैठकीकडे जावे लागते. तिथे ट्रॅक गावावर लादलेला नव्हता. हॉटेलवाले, दुकानदार आणि शेतकरी यांनी शर्यतीचे बरे-वाईट दोन्ही अंगावर घेतले होते, एका मुलाचा मृत्यूसुद्धा. त्यानंतर शर्यत कायमची बंद करा असे गावाने म्हटले असते तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी ती आपल्या दारापासून दूर नेली आणि कुंपणाच्या आत बंदिस्त केली.

म्हणून एखाद्या क्लबला नवीन जागा सुचवली जाते, विमानतळ असो, औद्योगिक वसाहतीतले रस्ते असोत की कोणाची मोठी मालमत्ता, तेव्हा डांबर आणि वळणे तपासण्याआधी काही विचारणा व्हायला हवी. होकार कोणी दिला आहे आणि तो माणूस बदलला तर करार टिकेल का? एका नकारावर अडेल अशा किती परवानग्या आहेत? प्रेक्षकाला कुठे उभे राहायचे हे सांगण्याचा अधिकार नेमका कोणाकडे आहे? आणि शर्यतीच्या दिवशी आवाज ऐकणाऱ्या माणसाला त्यातून काय मिळते? मेरीलँडमधल्या कंबरलंड शहराच्या, पण वेस्ट व्हर्जिनियाच्या हद्दीत असलेल्या विमानतळावर प्रादेशिक क्लबच्या शर्यती १९५३ पासून १९७१ पर्यंत चालल्या. जागा स्वतःची नव्हती, तरीही इतकी वर्षे निभावली, कारण त्या भागातल्या लोकांचा त्यात हात होता. हवाई तळांवरच्या शर्यतीही १९५३ मध्येच जोरात होत्या, आणि त्यांचा कारभार वर्षभरात आटोपला.